खुर्चीवरची नमाज

आमच्या अम्मीचे गुडघे बारा वर्षांपासून दुखतात. रमजान आला की तिची पंचाईत होते. उभे राहवत नसेल तर बसून नमाज पढावी, ही सवलत तिला ठाऊक आहे. तरी तरावीहला खुर्ची घ्यायची तिला लाज वाटे. पहिल्या रोजाला इफ्तारीची भजी स्वतः तळायची, रात्री उभ्याने नमाज पढायची आणि पुढचे दोन दिवस अंथरूण धरायचे.

मागे एका डॉक्टरांनी एक्सरे पाहून सांगितले, “एवढे काही नाही, मनाचे आहे.” घरी येऊन अम्मी रडली. “मी खोटं बोलते का रे?” एवढेच विचारत होती.

ते वाक्य अर्धे बरोबर होते, म्हणूनच जास्त लागले. वेदनेच्या अभ्यासकांच्या जागतिक संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारली. तीत वेदना हा संवेदना आणि भावना मिळून येणारा अनुभव मानला आहे. ‘दुखते’ म्हणणाऱ्याच्या शब्दाचा मान राखावा, हेही सोबत नोंदवले आहे. आपण पहिले घेतो, दुसरे विसरतो.

आपल्या इगतपुरीच्या धम्मगिरीचे सत्यनारायण गोयंका १९५५ मध्ये रंगूनला विपश्यनेकडे वळले, ते असह्य अर्धशिशीमुळे. मॉर्फिनपर्यंत पाळी गेली होती. पण केवळ डोकेदुखीसाठी येत असाल तर नको, असे गुरू ऊ बा खिन यांनी आधी बजावले. मला हा नकारच मोलाचा वाटतो. वेदना घालवायचाच हट्ट सुटला की तिच्याकडे नीट पाहता येते. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी ध्यान रुग्णालयात नेले.

दहा दिवसांचे मौन अम्मीला जमणारे नाही. ती दहा मिनिटे गप्प बसत नाही. तिला उपयोगी पडली ती एका समुपदेशक बाईंची साधी सूचना: दुखेपर्यंत काम करायचे नाही, घड्याळ पाहून थांबायचे. बऱ्या दिवशीसुद्धा. सब्र म्हणजे मुकाट सोसणे, असे आपण धरून चालतो. अरबीत या शब्दाच्या मुळाशी स्वतःला आवरणे आहे, आणि बऱ्या दिवशी हात आवरणे अम्मीला दुखण्याहून जड जाते.

दुखणे गेलेले नाही. गोळ्याही आहेत, डॉक्टरांना विचारून सेहरी-इफ्तारीच्या वेळेला बसवलेल्या. खुर्चीची लाज मात्र शेजारच्या काकूंनी घालवली. त्यांचेही गुडघे गेलेले. देवळात कीर्तनाला त्या खुर्ची घेऊनच बसतात. आता भजी माझी मुले तळतात. मीठ जास्त झाले, हे अम्मी खुर्चीवरून सांगते.