काळ्या आकृतीत हरवलेली खेजडी

दिवाळीच्या सुट्टीपासून संक्रांतीपर्यंत जोधपूर, जैसलमेर, बिकानेरकडे मराठी पर्यटकांची रीघ लागते आणि परतताना बहुतेकांच्या फोनमध्ये एक फोटो हमखास असतो: केशरी ते जांभळे असे रंगलेले आकाश आणि त्यापुढे काळेभोर झाड. फोटो देखणा असतो, तो काढण्याबद्दल कोणाची तक्रार नसावी. पण थरच्या वाळवंटात तेवढ्यावर थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच झाडाचा उजेडातला फोटोही घ्यावा आणि दोन्हींखाली झाडाचे नाव आणि जवळचे गाव लिहावे. कारण नुसती काळी आकृती पाहणाऱ्याला एवढेच सांगते, की इथे वाळू आणि आकाश याखेरीज काही नाही. हे साफ खोटे आहे.

कॅमेरा आकाशाच्या उजेडावर बेतला, की त्या मानाने अंधारे असलेले झाड आपोआप काळे पडते; पाने, साल, शेंगा, घरटी सगळे त्यात बुडते. पश्चिम राजस्थानात ते झाड पुष्कळदा खेजडी असते. म्हणजे दसऱ्याला जिची पूजा होते आणि गणपतीच्या पत्रीत जिची पाने असतात, ती आपली शमी. केर-सांगरीच्या भाजीतली सांगरी म्हणजे तिच्याच शेंगा आणि तिचा पाला शेळ्या-उंटांचा चारा. तिच्या आसपास बाजरी चांगली येते, म्हणून शेतकरी शेतात मधोमध उभी असलेली खेजडीही राखतो. हिवाळ्यात चाऱ्यासाठी तिच्या फांद्या छाटतात आणि पर्यटकांचा हंगाम नेमका तोच. त्यामुळे फोटोत टोकांना गाठी आलेले बोडके खोड दिसते आणि पाहणारा समजतो, झाड वठले. प्रत्यक्षात कोणीतरी कुऱ्हाड घेऊन वर चढलेले असते, आणि पावसाची वाट न पाहता ऐन उन्हाळ्यात त्याच खोडावर हिरवी पालवी फुटते. शेजारची विलायती बाभूळ, जी आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणून माळरानांवर माजली आहे, तीही मावळतीच्या उजेडापुढे अशीच काळी दिसते. एक शेताला आधार देणारी, दुसरी देशी झुडपांची जागा बळकावणारी. फोटोत दोघींत फरक उरत नाही.

सुट्टीतल्या फोटोवर एवढा भार कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाळवंट ओसाड असते ही समजूत निरुपद्रवी नाही. राजस्थानात ‘ओरण’ असतात, देवाच्या नावाने राखलेली राने, आपल्या देवरायांसारखी. त्यांतली बरीच महसुली दप्तरात पडीक म्हणून नोंदली गेली आहेत आणि पडीक ठरलेली जमीन प्रकल्पाला देणे सोपे जाते. फलोदीजवळचे भडला सौर संकुल २,२४५ मेगावॉटचे आहे. अशा प्रकल्पांसाठी होणाऱ्या खेजडीच्या तोडीविरुद्ध बिकानेर भागात लोक रस्त्यावर आले आहेत. याच खेजडीसाठी १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात अमृतादेवींसह ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले. जोधपूरचे महाराज अभयसिंह यांच्या महालासाठी चुना भाजायला लाकूड हवे होते, आणि गावकरी झाडांना मिठ्या मारून उभे राहिले. राजस्थानने १९८३ मध्ये खेजडीला राज्यवृक्षाचा मान दिला, तरीही तिच्यावर कुऱ्हाड पडतेच.

उजेडातला फोटो रटाळ येतो, ही कलेच्या बाजूने येणारी हरकत. ती मला पटत नाही. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी मावळतीकडे पाठ करून उभे राहा. तिरप्या उन्हात खेजडीच्या सालीच्या भेगा उठून दिसतात, फांदीवरचे बारीक काटे दिसतात, शेळ्यांचे तोंड पोचते तिथपर्यंत ओरबाडलेला खालचा पाला दिसतो. मग वळून हवी तितकी लाली टिपा. वेळ वाया जात नाही, रंगही हुकत नाहीत. मात्र शेत कोणाच्या तरी मालकीचे असते. आत जाण्याआधी विचारावे. विचारले की झाडाचे नावही तिथेच कळते.

सौरऊर्जेचा मुद्दा अधिक वजनदार आहे. कोळशापासून सुटका हवी आणि थरइतके लख्ख ऊन देशात फार कमी ठिकाणी मिळते, हे मान्यच करायला हवे. विरोध पॅनेलना नाही, आधी जमीन रिकामी ठरवून मग मोजणी करण्याला आहे. झाडे आधी मोजावीत, ओरण वगळावेत, शेतातल्या जुन्या खेजड्यांना धक्का न लावता आखणी करावी. फोटोने झाड वाचते असा माझा दावा नाही. पण बहुतेक फोन फोटोसोबत तारीख नोंदवतात, परवानगी दिली तर ठिकाणही. इथे झाड नव्हतेच, असे उद्या कोणी म्हणाले, तर गावकऱ्यांच्या हाती असा पुरावा असायला हवा, आणि तो देणे हजारो पर्यटकांना सहज शक्य आहे.