गांजानं कॅन्सर बरा होतो? उंदरांवरचा प्रयोग अन् सीमाभागातला रुग्ण

खजुरी (ता. आळंद) : 'गांजाच्या तेलानं स्वादुपिंडाचा कॅन्सर बरा होतो' असा दावा मोबाईलवर अधूनमधून फिरतो. दावा अगदीच हवेतला नाही, पण अर्धवट आहे. अन् या आजारात अर्धवट माहिती फार महागात पडते.

२०१८ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी गांजाच्या झाडातला सीबीडी हा घटक जेमसिटाबिन या केमोच्या औषधासोबत दिला. तेव्हा उंदीर नुसत्या केमोवरच्या उंदरांपेक्षा जवळपास तिप्पट काळ जगले. २०१९ मध्ये अमेरिकेतील डाना-फार्बर संस्थेतूनही याच झाडाच्या दुसऱ्या एका घटकाबद्दल असेच आशादायक निष्कर्ष आले.

मात्र दोन्हीकडे रुग्ण म्हणजे उंदीर होते. उंदरांवर चाललेली कितीतरी औषधं माणसावर चालत नाहीत. म्हणूनच अमेरिकेतील कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं : चाचणीबाहेर कॅन्सरवरचा उपचार म्हणून गांजा वापरू नये. केमोनं होणारी मळमळ इतर औषधांनी थांबत नसेल, तर तिथं त्याचा विचार होऊ शकतो.

दुसरं म्हणजे, चोरून मिळणारा गांजा म्हणजे सीबीडी नव्हे. सीबीडीनं नशा होत नाही. गांजाची नशा टीएचसीची. त्यात कोणता घटक किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. शिवाय १९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. २०२० मध्ये कलबुर्गी जिल्ह्यातच मेंढीपालनाच्या शेडखाली दडवलेला तेराशे किलोंहून जास्त गांजा बेंगळुरू पोलिसांनी पकडला होता. जम्मूतील सरकारी संस्थेत या झाडावर संशोधन चालतं, ते परवान्यानं.

खरा प्रश्न वेळेचा आहे. २०२२ मध्ये जगभरात या कॅन्सरचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले, मृत्यू ४ लाख ६७ हजार. गाठ पसरण्याआधी ऑपरेशन झालं, तरच बरं होण्याची आशा. पण पहिली खूण बऱ्याचदा कावीळ असते, अन् आपल्याकडे कावीळ म्हटली की आधी गावठी औषध. त्यात आठवडे जातात.

कावीळ उतरत नसेल, वजन झपाट्यानं घटत असेल, पोटातली कळ पाठीत जात असेल किंवा उतारवयात अचानक शुगर निघाली असेल, तर सोनोग्राफी, सीटी स्कॅनला उशीर नको. कलबुर्गीत किदवई संस्थेचं केंद्र आहे, पलीकडे बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. उद्या सीबीडीचं औषध आलंच, तर तेही डॉक्टरच्या चिठ्ठीवरच येईल. तोवर तेलाच्या बाटलीची वाट बघण्यात गेलेला महिना रुग्णाला परत मिळत नाही.