रोगाआधी झाड सावध

मोहोर फुटावा आणि ढगाळ, दमट हवा पडावी, की आंब्यावर करपा नि भुरी चढते. किनवटपासून फार लांब नसलेल्या बाजारहत्नूरमध्ये बांधावर चार आंबे राखणाऱ्यालाही ही धास्ती असतेच. या अंकात फवारणीच्या एका वेगळ्या वाटेची ओळख आहे: बुरशी मारण्याआधी झाडाला जागे करण्याची.

कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनपासून कायटोसान बनते. बुरशीच्या पेशीभित्तिकेतही कायटिन असते. म्हणून कायटोसान पानावर पडले, की झाडाला शत्रूची चाहूल लागते. झाड आपली पेशीभित्तिका भक्कम करते आणि बुरशीची भिंत तोडणारी विकरे बनवू लागते. किती देखणी यंत्रणा! सॅलिसिलिक आम्लाची कथाही अशीच. १९७९ मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रात तंबाखूच्या पानांना ॲस्पिरिन, म्हणजे याच आम्लाचे एक रूप, दिल्यावर मोझॅक विषाणूचे डाग घटले होते.

युरोपीय संघाने २०१४ मध्ये कायटोसान हायड्रोक्लोराइडला पीकसंरक्षणासाठी मान्यता दिली. फळांतल्या औषधांच्या अंशांवर काटेकोर नजर असलेल्या नाशिकच्या निर्यातक्षम द्राक्षांसाठी हे मोलाचे आहे.

मात्र रोग पसरल्यावर याचा उपयोग थोडाच. फवारणी आधी हवी, आणि छाटणीची व बागेत खेळत्या हवेची गरज त्यानेही टळत नाही.