चाक आधी टेबलावर फिरू द्या

इचलकरंजीत सत्तावीस वर्षं मी मोटारी रिवाइंड करतो, बहुतेक यंत्रमागाच्या. अलीकडे दुकानात वेगळं गिऱ्हाईक यायला लागलंय. डिप्लोमाची, इंजिनिअरिंगची पोरं. हातात ई-स्कूटरच्या चाकातली हब मोटार आणि स्वतः जोडलेला कंट्रोलर. परीक्षा आठवड्यावर आलेली असते. स्कूटरला कॉलेजच्या आवारात चक्कर मारायला लावायची, व्हिडिओ काढायचा, की प्रोजेक्ट झाला. टेबलावर तपासलात का, असं विचारलं की म्हणतात, "काका, चाक फिरतंय की!"

मोकळ्या चाकाला बॅटरीतून एक-दीड अँपिअर पुरतात. तेवढ्यावर चुकीचा कंट्रोलरही निभावून नेतो.

मी हे अनुभवानं सांगतोय. ४८ व्होल्टचा कंट्रोलर मी स्वतः बनवला, तेव्हा पहिल्याच जोडणीला मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा स्विच, उडाला. एका फेजला दोन मॉस्फेट असतात, वरचा आणि खालचा. वरचा पूर्ण बंद झाल्याशिवाय खालचा चालू होता कामा नये. मधे एखाद्या मायक्रोसेकंदाची फट ठेवावी लागते. ती मी कमी ठेवली होती, म्हणून बॅटरी थेट शॉर्ट झाली. दुसऱ्या वेळी मी आपल्या धंद्यातली जुनी युक्ती वापरली, सिरीज बल्ब. गाडीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट, ५५ वॅटचे चार बल्ब एका ओळीत बॅटरीच्या वायरीत घातले. पूर्ण चार्ज झालेली तेरा सेलची बॅटरी ५४.६ व्होल्ट देते. म्हणजे शॉर्ट झाला तरी प्रत्येक बल्बवर साडेतेरा-पावणेचौदाच येतात, चालू गाडीत येतात तेवढेच. करंट पाचेक अँपिअरवर अडतो. बल्ब लख्ख पेटले की चूक कळते आणि मॉस्फेट बहुधा वाचतो.

पण मला खरा घाम फोडला तो अ‍ॅक्सिलरेटरनं. त्याला तीन वायरी असतात: पाच व्होल्ट, सिग्नल आणि काळी. मूठ सोडलेली असताना सिग्नल एक व्होल्टच्या आसपास, पूर्ण पिळली की चारच्या थोडा वर. काळी वायर मी मुद्दाम कापली. सिग्नल पाचकडे चढला आणि मुठीला हात नसताना चाक पूर्ण वेगानं सुटलं. ते शिकंज्यात आवळलेलं होतं, म्हणून मी फक्त दचकलो. तीच वायर हँडलच्या वाकणात झिजून बाजाराच्या गर्दीत तुटली असती तर? त्या रात्री प्रोग्राममध्ये अट घातली की सिग्नल साडेचारच्या वर गेला तर मोटार बंद. मग तिन्ही वायरी एकेक करून कापल्या, जोडल्या, पुन्हा कापल्या.

शेवटची परीक्षा लोडची. रिमवरून जुना पट्टा घेतला आणि दोन्ही टोकांना ताणकाटे लावले. रोप ब्रेकचा हा प्रयोग आपल्या पॉलिटेक्निकांत पिढ्यान्‌पिढ्या शिकवतात, त्याला नवं यंत्र लागत नाही. चाक जवळजवळ थांबेपर्यंत पट्टा आवळला आणि क्लॅम्प मीटर धरला. बॅटरीच्या वायरीत सात अँपिअर, मोटारीच्या वायरीत पन्नास! कंट्रोलर व्होल्ट उतरवतो आणि त्या बदल्यात करंट वाढवतो. बॅटरीकडचा आकडा बघून निश्चिंत राहणारा इथेच फसतो. पन्हाळ्याच्या चढावर स्कूटर रेंगाळली की नेमकं हेच होतं, आणि कंट्रोलरचं हीट सिंक हात लावू देत नाही.

२०२२ मध्ये ई-स्कूटरींना आगी लागल्या, तेव्हा केंद्रानं बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या. १ डिसेंबर २०२२ पासून त्या टप्प्याटप्प्यानं लागू झाल्या. ते योग्यच झालं. पण आपली सगळी चर्चा बॅटरीपाशीच थांबली. चाकाला किती ताकद द्यायची हे कंट्रोलर ठरवतो, आणि पोरांच्या प्रोजेक्टमध्ये त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. गेल्या वर्षी चार मुलं आली होती. काम मनापासून केलेलं, सोल्डरिंग माझ्यापेक्षा सफाईदार. चाचणीची वही मागितली तर एकमेकांकडे बघू लागली. दोष त्यांचा नाही, ती वही त्यांच्याकडे कुणी मागितलीच नव्हती.

घरी कंट्रोलर बनवणं थांबवा, असं मी अजिबात म्हणत नाही. उलट प्रत्येक तालुक्यात अशी पोरं हवीत. उद्या याच गाड्या दुरुस्तीला येणार आहेत, आणि जळालेला डबा फेकून नवा लावणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

म्हणून प्राध्यापकांना आणि आयटीआयच्या निदेशकांना माझी विनंती आहे. आवारातल्या चकरेला गुण देऊ नका. वही मागा. सिरीज बल्बवर काय दिसलं, कोणती वायर कापल्यावर चाक थांबलं, पट्टा आवळून अर्धा तास चालवल्यावर हीट सिंक किती तापलं, हे तारखेसह लिहिलेलं असेल तरच मुलांना त्या स्कूटरवर बसू द्या.