पानिपतचा आधार चुकीचा

मा. संपादक,

विधवांना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणाऱ्यांवर टीका करणारा लेख वाचला. संक्रांत हा पानिपतचा स्मृतिदिन, त्या दिवशी असले ‘प्रयोग’ नकोत, असं लेखकाचं म्हणणं. मुळात तारखेचाच घोळ आहे. लढाई 14 जानेवारी 1761 ची. त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. ती सरकत 14 तारखेवर आली पुढच्या काळात.

आणि स्मरण करायचं ते कुणाचं? पडलेल्यांच्या बायकांचं नाही? त्यांचंच कुंकू पुसणाऱ्या रूढीचा कैवार घेऊन त्या वीरांना कसली मानवंदना? खुद्द सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई, पती परततील या आशेवर, सौभाग्यलेण्यांसह राहिल्या. पेशव्यांच्या घरात हे चाललं. आज शेजारणीने तिळगूळ घेतला की मात्र संस्कृती बुडते!

‘शहरी खूळ’ हा आरोपही टिकत नाही. विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव मे 2022 मध्ये केला तो शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने.

कुणाला बोलवायचं हे घरच्या बाईने ठरवावं, एवढं लेखकाचं मान्य. आमच्याकडे यंदाही सगळ्याच येतील.

आपली,
एक वाचक, मिरज