गोळीचं पाणी होणार होतं...

बालमित्रांनो,

गेल्या वेळी आपण दक्षिण आफ्रिकेतल्या युद्धाची माहिती घेतली आणि शेवटी एक प्रश्न विचारला होता, 'बोअर' म्हणजे काय? उत्तर आहे, शेतकरी. डच भाषेतला शब्द आहे तो. आजची गोष्टही शेतकऱ्यांचीच, पण हे शेतकरी अगदी वेगळे.

आता नकाशावही काढा बरं. आफ्रिकेचं पान उघडा. पूर्व किनाऱ्यावर, विषुववृत्ताच्या खाली टांझानिया हा देश दिसेल. दार-ए-सलाम बंदर सापडलं? तिथून बोट दक्षिणेकडे सरकवा. रुफिजी नदी समुद्राला मिळते ना, तिच्याही खाली मातुंबी नावाच्या टेकड्या आहेत. शाळेच्या नकाशात त्या बहुधा नसतील. पण आपली गोष्ट तिथेच सुरू होते.

साल १९०५. युरोपातल्या देशांनी आफ्रिका आपापसांत वाटून घेतली होती. हा भाग जर्मनीच्या वाट्याला आला होता. त्याला म्हणत जर्मन पूर्व आफ्रिका. आणि गंमत ऐका, तिथलं चलन होतं रुपया! नाण्यावर जर्मन सम्राटाचं चित्र, पण नाव आपलंच. कारण मोसमी वाऱ्यावर गलबतं हाकारत आपल्याकडचे व्यापारी कित्येक शतकं त्या किनाऱ्यावर जात होते. त्यांच्याबरोबर रुपयाही तिथे रुजला होता.

हाच रुपया तिथल्या शेतकऱ्यांच्या मुळावर आला. १८९८ मध्ये सरकारने झोपडीवर कर बसवला. साधारण तीन रुपये. हे लोक ज्वारी, मका, भात पिकवून खाणारे. नगद रुपये आणायचे कुठून? मग कर फेडायला गोऱ्यांच्या मळ्यावर नाहीतर रस्त्याच्या कामावर राबायचं.

तेवढ्यावर भागलं नाही. जर्मनीतल्या कापडगिरण्यांना कापूस हवा होता. म्हणून १९०२ पासून गव्हर्नर ग्योत्सेन यांनी फर्मान काढलं, गावोगाव एक सामाईक शेत राखायचं, त्यात कापूस लावायचा आणि सगळ्यांनी तिथे पाळीपाळीने खपायचं. मुकादम बाहेरून आणलेले. त्यांच्या हातात पाणघोड्याच्या कातड्याचा चाबूक. आणि अडचण अशी, की कापसाची निगराणी आणि घरच्या पिकाची राखण एकाच हंगामात यायची. इकडे कापूस खुरपायचा आणि तिकडे आपल्या शेतात रानडुकरं शिरायची! एवढं करून हातात पडायचे ते इतके थोडे पैसे, की काही ठिकाणी लोकांनी ते घ्यायचंच नाकारलं.

अशा वेळी न्गारांबे गावात किंजिकिटिले नावाचा एक वैदू पुढे आला. लोक सांगत, तो डोहात उतरला आणि दिसेनासा झाला. नातेवाइकांनी बुड्या मारमारून शोधलं. दुसऱ्या दिवशी तो बाहेर आला, तर अंगावरचे कपडे कोरडे! त्याने लोकांना एक औषधी पाणी द्यायला सुरुवात केली. पाण्यात एरंडेल आणि धान्याचे दाणे. हे पाणी घेतलं, की शत्रूच्या बंदुकीच्या गोळीचं पाणी होईल, असं तो म्हणे. स्वाहिली भाषेत पाण्याला म्हणतात 'माजी'. म्हणून या युद्धाचं नाव पडलं माजी-माजी.

वर्गात ही गोष्ट सांगत होते, तेव्हा चौथीतली एक मुलगी इथे पटकन म्हणाली, "बाई, त्यांना एवढंही कळत नव्हतं?" बाकीची मुलं हसली. तुम्हीही हसलात का? असू दे. पण प्रश्न चांगला आहे. जरा नीट बघू या.

पहिली गोष्ट, संकटात माणूस आधार शोधतोच. परीक्षेला निघताना हातावर दही-साखर घेतोच की नाही आपण? दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. याआधीही तिथले लोक जर्मनांशी लढले होते. हेहे नावाच्या लोकांचा राजा म्क्वावा याने तर १८९१ मध्ये जर्मन फौजेची दाणादाण उडवली होती. पण तो एकटा पडला. अखेर १८९८ मध्ये त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. एकेकटं लढलं की काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

पण एकत्र यायचं कसं? भाषा वेगळ्या, रीतिरिवाज वेगळे, शेजाऱ्या-शेजाऱ्यांत जुनी भांडणं. शिवाजी महाराजांच्या काळात बेलभंडार उचलून शपथ घेत, आठवतं ना? तसं काहीतरी सगळ्यांना मान्य होईल असं हवं होतं. ते काम या पाण्याने केलं. ज्याने पाणी घेतलं तो आपला. बघता बघता सुमारे वीस वेगवेगळ्या जमाती एक झाल्या. कोणी टपालाने निरोप धाडला नव्हता. पाणी घेऊन माणसं गावोगाव पायी गेली होती.

जुलै १९०५ मध्ये मातुंबी टेकड्यांतल्या लोकांनी सरकारी शेतातली कापसाची रोपं उपटून फेकली. हीच युद्धाची घोषणा! ऑगस्टच्या सुरुवातीलाच जर्मनांनी किंजिकिटिलेला पकडून फाशी दिलं. वणवा मात्र पसरत गेला. चिडलेल्या लोकांनी काही ठिकाणी शांतपणे काम करणाऱ्या मिशनऱ्यांनाही मारलं. तेही झालं, लपवायचं कशाला?

३० ऑगस्टला हजारो लोक माहेंगेच्या जर्मन ठाण्यावर चालून गेले. हातात भाले, बाण, थोड्या जुन्या बंदुका. ठाण्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके जर्मन, त्यांच्या पगारावरचे आफ्रिकी शिपाई आणि मशीनगन. हो, गोळ्या झाडणारे बरेचसे शिपाई आफ्रिकीच होते. गोळीचं पाणी झालं नाही. शेकडो माणसं पडली.

आता मला सांगा, लोक नुसत्या पाण्याच्या भरवशावर लढत असते, तर त्या दिवशी सगळं संपायला हवं होतं ना? पण युद्ध १९०७ पर्यंत चाललं! पाण्याने काही होत नाही हे समजल्यावरही लोक रानात शिरले आणि गनिमी काव्याने लढत राहिले. चौथीतल्या त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला यातच दिसतं. त्यांना कळत होतं. कर, चाबूक आणि उपाशी मुलं, हेही कळत होतं.

मग ते हरले कशाने? मशीनगनने कितीतरी माणसं मारली, पण त्याहून भयंकर हत्यार पुढे निघालं. रानात पांगलेली माणसं सापडेनात, तेव्हा जर्मन फौजांनी गावं जाळली, उभी पिकं जाळली, धान्याच्या कणग्या लुटल्या किंवा पेटवून दिल्या. पेरायला राखलेलं बीसुद्धा सोडलं नाही. पाऊस आला तेव्हा पेरायला काही नव्हतं. हा दुष्काळ आभाळातून पडला नाही, माणसांनी ठरवून पाडला. जर्मन सरकारी आकडा ७५ हजार मृत्यूंचा होता. पुढच्या अभ्यासकांनी तो अडीच ते तीन लाखांवर नेला. त्यांतले बहुतेक भुकेने गेले. बायका गेल्या, म्हातारी माणसं गेली, तुमच्याएवढी मुलं गेली. शेतं ओस पडली आणि तिथे रान माजलं.

फळ काहीच मिळालं नाही का? सक्तीची सामाईक कापूसशेती सरकारला गुंडाळावी लागली. पण त्यासाठी केवढी किंमत!

पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला आणि १९६१ मध्ये स्वतंत्र झाला. आणि १९६८ मध्ये दार-ए-सलामच्या विद्यापीठातली मुलं वह्या घेऊन गावोगाव गेली. माजी-माजीचा काळ ज्यांनी बालपणी पाहिला होता, असे म्हातारे-म्हाताऱ्या तेव्हा हयात होत्या. मुलांनी त्यांना विचारलं, "आजोबा, काय झालं होतं?" आणि ऐकलेलं लिहून घेतलं. तोवर या युद्धाबद्दल बरंचसं लिहिलं होतं ते जर्मनांनी. डोहाची आणि कापसाच्या रोपांची हकीगत आज आपण इतकी तपशिलात सांगू शकतो, ती त्या वह्यांमुळे.

टांझानियाच्या दक्षिणेला सोंगेआ नावाचं शहर आहे. १९०६ मध्ये जर्मनांनी फाशी दिलेल्या एका न्गोनी सरदाराचं हे नाव. नोव्हेंबर २०२३ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर तिथे गेले, त्या सरदाराच्या वंशजांना भेटले आणि आपल्या देशाने केलेल्या अत्याचारांबद्दल त्यांनी क्षमा मागितली. मध्ये सव्वाशे वर्षांना थोडीच कमी एवढा काळ गेला होता. उशिरा मागितलेल्या माफीने काय होतं, यावर घरी आई-बाबांशी जरूर बोला. दोघांची मतं वेगळी निघाली तर आणखीच छान!

आणि हो, एक काम. तुमच्या घरात किंवा आळीत सगळ्यात वयस्कर कोण आहे? त्यांच्याजवळ बसून लहानपणीची एक आठवण विचारा आणि त्यांच्याच शब्दांत वहीत लिहून ठेवा. खाली तारीख घालायला विसरू नका.

या वेळचा प्रश्न : स्वाहिलीत गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका' आणि पैशाला 'पेसा' म्हणतात. मग 'लाकी' म्हणजे किती? डोकं खाजवा, उत्तर पुढच्या वेळी!

तुमच्या,
बाई