आधी कूलर बंद कर, मग बोलू!

मित्राचा फोन आला तो रात्री साडेअकराला. ‘अरे, अर्जंट आहे. पंचावन्न हजारांचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कार्टमध्ये टाकलाय. चोवीस महिन्यांचा ईएमआय. दाबू का बटण?’

मी म्हटलं, ‘थांब. हेडफोन कुठला?’

‘सेनहायझर एचडी ६५०. पण यार, मजाच येत नाहीये. आवाज पुरतच नाही!’

आता हा मित्र कोण? पुण्याचा पोरगा, बँकेत लागला आणि पोस्टिंग मिळालं झरी जामणीला. नकाशात शोधायचं असेल तर यवतमाळ जिल्हा उघडा आणि दक्षिणेकडे सरकत राहा. पैनगंगेपलीकडे तेलंगणा सुरू होतो, त्याच्या अलीकडे थांबा. कापसाची शेतं, साग, कोलामांचे पोड आणि संध्याकाळी सातनंतर करण्यासारखं... काही नाही. मल्टिप्लेक्स नाही, कॅफे नाही, वीकएण्डचा प्लॅन नाही. अशा माणसाने पहिल्या बोनसचा मोठा तुकडा मोडून भारी हेडफोन घेतला तर त्याला नावं ठेवायची नाहीत. त्याची संध्याकाळ त्या हेडफोनवर उभी आहे, बॉस!

म्हणून मी त्याला म्हटलं, ‘बटण दाबू नकोस. मी येतो.’ तशीही चार दिवसांची सुट्टी पडून होती. बॅगेत एक डोंगल, एक खिशात मावणारा बॅटरीवरचा अ‍ॅम्प आणि एका दोस्ताकडून उसना आणलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प टाकला. नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा करत मे महिन्याच्या भर दुपारी झरीत उतरलो. ऊन असं की बॅगेतले व्हॉल्व्ह न लावताच तापले असतील!

घरमालकीणबाईंनी माझा पसारा बघितला आणि विचारलं, ‘काय जी भाऊ, रेडिओ दुरुस्त कराले आले का?’ मी आपलं समजावून सांगितलं, हेडफोनला ताकद द्यायची पेटी आहे. त्या म्हणाल्या, ‘कानाले लावाचं, अन् त्याले अजून पेटी कायले पायजे?’

प्रश्न एकदम करेक्ट आहे. आजचा कॉलम त्याच प्रश्नाचं उत्तर.

हेडफोनच्या डब्यावर दोन आकडे असतात आणि आपण दोन्ही वाचत नाही. एक ओहममध्ये, तो इम्पिडन्स. दुसरा डेसिबलमध्ये, ती सेन्सिटिव्हिटी. व्होल्टेज म्हणजे गच्चीवरच्या टाकीची उंची समजा आणि करंट म्हणजे नळातून येणारं पाणी. जास्त ओहमचा हेडफोन म्हणजे बारीक नळ: त्याला टाकी उंच लागते, पाणी थोडंच लागतं. कमी ओहमचा पण मंद हेडफोन म्हणजे रुंद पाइप: टाकी बेताची चालेल, पण पाणी भरपूर हवं. अ‍ॅम्प म्हणजे ही टाकी. संपला फंडा!

आता आकडे. संगीतातला सगळ्यात मोठा क्षण, म्हणजे तबल्याची जोरकस थाप किंवा ड्रमचा ठोका, ११० डेसिबलपर्यंत जावा असं धरू. एवढं खूप झालं. एचडी ६५० हा २००३ सालचा हेडफोन, ३०० ओहमचा, आणि १ व्होल्टला १०३ डेसिबल देतो. त्याला ११० गाठायला साधारण २.२ व्होल्ट आणि जेमतेम १७ मिलिवॉट लागतात. एकेजीचा के ७०१ फक्त ६२ ओहमचा, त्याला १.८ व्होल्ट पुरतात, पण पॉवर ५० मिलिवॉटच्या आसपास. बायरडायनॅमिक डीटी ८८० चं ६०० ओहमचं मॉडेल घेतलंत तर जवळपास ४ व्होल्ट. आणि हायफायमॅनचा एचई-६ नावाचा पैलवान तर साडेचारशे मिलिवॉट खातो! म्हणजे एचडी ६५० च्या पंचवीसपटीहून जास्त. याला म्हणतात अ‍ॅम्पची गरज.

उलट तुमचे कानात घालायचे इयरफोन पाव व्होल्टमध्येसुद्धा किंचाळायला लागतात. त्यांना तगडा अ‍ॅम्प लावलात तर गाण्याआधी अ‍ॅम्पचा ‘स्स्स्’ ऐकू येतो. म्हणजे महाग अ‍ॅम्प सगळ्यांनाच मानवतो असं नाही.

मग मित्राचं काय अडलं होतं? त्याचा लॅपटॉप १ व्होल्ट देतो. म्हणजे शिखर १०३ डेसिबल. हे कमी नाहीये! आजकालची फिल्मी गाणी अशी दाबून सपाट केलेली असतात की सरासरी आवाज शिखराच्या जेमतेम दहा डेसिबल खाली असतो. म्हणजे व्हॉल्यूम फुल्ल ठेवून हा पठ्ठ्या रोज रात्री नव्वदच्या वर ऐकत होता. आणि तरी म्हणत होता, पुरत नाही.

‘सकाळी कानात बारीक शिट्टी वाजते का रे?’ मी विचारलं.

तो गप्प. मग म्हणाला, ‘वाजते. ब्रँचमध्ये गेल्यावर थांबते.’

इथे माझी जरा टरकली. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सोपा आहे: ८० डेसिबल आठवड्याला ४० तास. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ अर्धा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच तास. आठवड्याला, दिवसाला नव्हे! आमचे साहेब रोज तीन तास, म्हणजे आठवड्याचे एकवीस. आणि आता त्यावर आणखी जोरात वाजवणारा अ‍ॅम्प घेणार होते, हप्त्याने! कानातल्या बारीक केसपेशी एकदा गेल्या की गेल्या, त्यांना एक्स्चेंज ऑफर नाही.

पण पुरत का नव्हतं? उत्तर खोलीतच घरघरत होतं.

विदर्भात मे महिन्यात राहिलेल्या माणसाला सांगायला नको. खिडकीला लावलेला पत्र्याचा कूलर, आत पंखा, गवताच्या जाळीवरून टपटपणारं पाणी. मोबाइलच्या अ‍ॅपवर मोजलं, ढोबळ का होईना: पलंगाजवळ पासष्टच्या आसपास. आणि एचडी ६५० आहे ओपन बॅक, म्हणजे त्याच्या मागच्या बाजूला जाळी असते. आतला आवाज बाहेर जातो, बाहेरचा आत येतो. त्याची मोकळी, खोलीभर पसरणारी धून याच जाळीमुळे. पण कूलरसमोर बसलात तर तुम्ही कूलर ऐकता, साथीला किशोरीताई!

गंमत बघा. किशोरीताईंच्या भूपाचा आलाप शिखरापेक्षा तीस-तीस डेसिबल खाली उतरतो. तानपुऱ्याची जवारी, त्या तारेतून निघणारी सुरांची बारीक वलयं, तर त्याहून खाली. ती सगळी कूलरच्या पोटात. ती ऐकायला हा व्हॉल्यूम वाढवायचा, मग तान आली की कान फुटायचे. आणि दोष कुणाला? अ‍ॅम्पला!

तरी म्हटलं, आलोच आहे तर कसोटी घेऊच. कूलर बंद केला, घाम पुसत बसलो. अ‍ॅम्पची तुलना करताना सगळ्यात मोठी फसवणूक व्हॉल्यूम करतो. एक अ‍ॅम्प नावालाच जास्त मोठा वाजत असला तरी आपला मेंदू त्याला ‘क्लिअर’, ‘सॉलिड’, ‘जिवंत’ वगैरे सर्टिफिकेट देऊन टाकतो. म्हणून आधी तिन्हींचे आवाज सारखे करायचे. स्टँडजवळच्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून मल्टिमीटर आणला. त्याने एक जुना जॅक सोलून तारा बाहेर काढून दिल्या, पैसेही घेतले नाहीत. ३०० हर्ट्झचा सूर वाजवायचा, एसी व्होल्टवर मीटर ठेवायचा, हेडफोन लावलेला असताना प्रत्येक अ‍ॅम्पचं बटण फिरवून आकडा सारखा करायचा. साधा मीटर या सुराला बरोबर मोजतो. दहा मिनिटांचं काम आहे, करून बघा.

मग घरमालकीणबाईंचा दहावीतला मुलगा झाला परीक्षक. मित्राच्या डोळ्यांवर टॉवेल. मुलगा वायरी बदलणार आणि कागदावर लिहिणार. प्रत्येक जोडीला दहा फेऱ्या.

हजाराच्या आत-बाहेर मिळणारं डोंगल विरुद्ध बॅटरीवरचा अ‍ॅम्प: दहापैकी पाच बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं! डोंगल विरुद्ध व्हॉल्व्ह: दहापैकी नऊ. मित्र उडालाच. ‘बघ! म्हटलं होतं ना? किती उबदार आहे!’

उबदार आहे, खरंच आहे. पण का? व्हॉल्व्हच्या बऱ्याच अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असतो, समजा १२० ओहम. एचडी ६५० डब्यावर ३०० ओहमचा असला तरी खर्जात, १०० हर्ट्झच्या खाली-वर, तो ५०० च्या घरात जातो. या दोघांची वाटणी होताना खर्ज साधारण १ डेसिबलने वर उचलला जातो. ऊब ती हीच, मुख्यतः. मी फोनच्या इक्वलायझरवर खर्ज तेवढाच उचलून डोंगल पुन्हा लावलं. त्याने टॉवेल काढला, जरा वेळ ऐकलं आणि म्हणाला, ‘पंचावन्न हजार याच्यासाठी?’

अर्थात व्हॉल्व्हचा लाल उजेड बघत ऐकण्यात जी मजा आहे ती आहेच. ती मजा हवी म्हणून घ्या, खुशाल घ्या. आवाज पुरत नाही म्हणून घेऊ नका. आणि ज्यांना रंग न चढवलेला आवाज हवा त्यांनी साधा नियम ठेवा: अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून कमी हवा. बत्तीस ओहमच्या हेडफोनला चार ओहम किंवा त्याखाली.

संध्याकाळी आणखी एक धडा मिळाला. लॅपटॉप चार्जरवर होता आणि व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमधून ‘घूंऽऽ’ सुरू झालं. चार्जर काढला, घूं बंद! घरातलं अर्थिंग धड नसलं की हे होणारच. अ‍ॅम्प कितीही महागाचा असो. मग लाइट गेली. इन्व्हर्टर सुरू झाला तो स्क्वेअर वेव्हवाला, त्यावर तर अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मरच गुणगुणायला लागला. अ‍ॅम्प घेताना आपण वॉट बघतो, ओहम बघतो. तो ज्या प्लगमध्ये जाणार आहे तो प्लग बघत नाही. झरीच्या त्या खोलीसाठी सगळ्यात चांगला अ‍ॅम्प कुठला? बॅटरीवर चालणारा. फोन आणि २ व्होल्ट देणारं एक बरं डोंगल. शिखर १०९ डेसिबल, घूं नाही, ईएमआय नाही.

त्या रात्री इन्व्हर्टरही बसला आणि कूलर, पंखा, फ्रिज, सगळं एकदम गप्प झालं. मित्राने फोनला डोंगल लावलं. म्हटलं, विदर्भात बसलोय तर वसंतराव लावू, ते मूर्तिजापूरचे. व्हॉल्यूम अर्ध्याच्याही खाली. पाच मिनिटं तो बोललाच नाही. मग हेडफोन अर्धा सरकवून कुजबुजला, ‘अरे, मागे तानपुरा आहे!’ तो तिथेच होता, इतके महिने.

हेडफोनच्या जाळीतून आणखी काहीतरी येत होतं. आम्ही बाहेर आलो. लांबच्या पोडावर लग्न असावं, ढोल वाजत होता. ना व्हॉल्व्ह ना वॉट, तरी अंधारात ठोका न् ठोका स्वच्छ. घरमालकीणबाई ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, ‘आता आयकू येते ना? मंग पेटी कायले पायजे?’

आता मित्राचं टाइमटेबल ठरलंय. कूलर चालू असेल तेव्हा कान बंद करणारे साधे इयरफोन, आवाज हळू. जेवण झाल्यावर पाऊण तास कूलर बंद, घाम आला तर आला, आणि एचडी ६५०. कार्ट रिकामी केली. शिट्टी अजून वाजते की थांबली, ते तपासायला पुढच्या महिन्यात नागपूरला कानाच्या डॉक्टरकडे जायचं माझ्यासमोर कबूल केलंय.

तुमच्याही कार्टमध्ये असं काही पडलं असेल तर आधी डब्यावरचे दोन आकडे वाचा. आणि त्याच्याही आधी पंखा बंद करून बघा. जमलं तर ठीक, नाहीतर अ‍ॅम्प आहेच की!